दोन शिंगांचा राऊटर

एकट्या वस्तूवर माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका अविश्वास असलेला माणूस उभ्या वाशिम जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. आणि सापडलाच, तर तो यांनीच जादाचा म्हणून ठेवलेला असेल. जऊळक्याजवळच्या त्यांच्या घरात बॅटऱ्या दोन, गजराची घड्याळं दोन, चष्मे दोन, आणि सासूबाई गेल्यापासून सोबतीला रेडिओ, तेही दोन. कारंज्याला आमच्याकडे येतात तेव्हा एक चपलेचा जोड पायात असतो आणि एक पिशवीत. स्वतःच्या लग्नात त्यांनी दोन भटजी बोलावले होते म्हणे. पहिल्याचा घसा काही बसला नाही, त्यामुळे दुसऱ्यानं सगळं लग्न मांडवात बसून निवांत पाहिलं आणि दक्षिणा घेऊन, जेवून गेला. या गोष्टीवर कोणी हसलं तर मामाजी (ताई त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही) अगदी शांतपणे सांगतात, "औताले बैल दोन लागते, पन गोठ्यात तिसरा पाह्यजे. मधातच एक बसला तं पेरनी कोनाच्या तोंडाकडे पाहीन?" आता घरी ट्रॅक्टर आहे, बैल कधीच गेले, गोठ्यात एक म्हैस तेवढी उरली आहे. तिसरा बैल मात्र त्यांच्या डोक्यातून काही गेलेला नाही.

अशा माणसाच्या घरात एकच राऊटर होता, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ताई आणि भाऊजी पुण्याच्या एकाच कंपनीत कामाला. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तशी दोघं चिमुरडीला घेऊन गावी आली आणि रमली. ज्या घरात दोन रेडिओ एकमेकांशी बोलत असायचे तिथं नात दिवसभर "आबा, आबा" करत फिरू लागली. मामाजींचं वय उतरणीला लागायचं थांबलं. आणि एक दिवस ऐन कामाच्या वेळी नेट गेलं. संध्याकाळी नेट परत आल्यावर साहेबांनी लॅपटॉपवरूनच ताईला सुनावलं, की असं वारंवार झालं तर तुम्हाला पुण्यात येऊनच बसावं लागेल. मामाजी दाराशी शेंगा फोडत बसले होते. त्यांनी ते ऐकलं, टोपलं बाजूला ठेवलं आणि मला फोन लावला. "मास्तर, उद्या मालेगावले या. जोडीचं यंत्र पाह्यले जाचं हाय."

मी शाळेत इतिहास शिकवतो. माझं यंत्रज्ञान प्रोजेक्टरची वायर खोचण्यापर्यंतच आहे. पण मामाजींना सल्ला नको होता, साक्षीदार हवा होता. धुतलेलं धोतर, टोपी आणि काखेत दोन छत्र्या अशा थाटात ते दुकानात शिरले. दुकानदारानं खोकी मांडली. "खोक्यातलं जनावर कोनी घेते का? बाहेर काढा, चालवून दाखवा." मग एकेक राऊटर त्यांनी उलटा-पालटा केला, पोटाखालून हात फिरवला, चालू करून तो किती तापतो ते मनगट लावून पाहिलं. चार अँटेनांचा एक झोकदार राऊटर मला आवडला होता. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चार शिंगाचं जनावर तुमी कवा पाह्यलं का, मास्तर?" शेवटी दोन शिंगांचा, काळा, घरच्या राऊटरला शोभेल असा एक त्यांच्या मनात भरला. पण घेतला नाही. "याचा भाऊ याच्या आंधी कोनाच्या घरी देला?" असं त्यांनी दुकानदाराला विचारलं.

दुकानदारानं बिचाऱ्यानं एका निवृत्त कंपाउंडरचा पत्ता दिला आणि आम्ही दोघे तिथं जाऊन थडकलो. घरात लग्नाची मुलगी होती. धोतर-टोपीतले एक वडीलधारे गृहस्थ आणि सोबत एक मास्तर, हे पाहून तिच्या आईनं आधी पोहे टाकले आणि मग मुलीला साडी नेसायला पाठवलं. मामाजींनी पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि खाकरून विचारलं, "बरं, तुमचा राऊटर पावसापान्यात अडून त नाही बसत?" पुढची पाच मिनिटं मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत काढली. पण कंपाउंडर दिलदार निघाले, राऊटरचा स्वभाव चांगला असल्याचं त्यांनी मोकळ्या मनानं सांगितलं, आणि त्या दिवशी संध्याकाळी जोडी पुरी झाली.

नवा राऊटर दर रविवारी जुंपला जाऊ लागला, अंगवळणी पडावं म्हणून. पोळ्याला जुन्याला दिवसभर सुट्टी देऊन नव्याकडून काम करून घेतलं. ताई डोक्याला हात लावायची, पण मामाजींच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आणि मग रस्त्याच्या कामाला आलेल्या जेसीबीनं जमिनीतली केबलच तोडली. दोन्ही राऊटर लाल दिवे लावून शेजारी शेजारी बसले. आत येणारी लाईन एकच आहे, ती तुटली की दहा राऊटर असले तरी उपयोग नाही, हे भाऊजींनी समजावलं तेव्हा मामाजी मटकन खाटेवर बसले. "म्हंजे बैल दोन केले अन् विहीर एकच ठेवली म्या," ते म्हणाले. चूक इतक्या नेमकेपणानं स्वतःची स्वतः मांडणारा माणूस मी शिक्षणखात्यात तरी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सिमकार्डावर चालणारा तिसरा आला. त्याला रेंज हवी होती. मामाजी तो छातीशी धरून अंगणात, माडीवर, पाण्याच्या टाकीवर फिरले आणि रेंज सापडली ती नेमकी गोठ्यात. ताईचं ऑफिस म्हशीशेजारी थाटलं गेलं. केबल जोडून होईपर्यंत तिनं सगळ्या मीटिंगा तिथून केल्या. एकदा साहेबांनी बोलता बोलता विचारलं म्हणे, "हे मागे कोण सारखं हंबरतंय?" मामाजी दारातूनच ओरडले, "आमची म्हैस हाय साहेब, पन नेट चालू हाय ना?" त्यानंतर मात्र त्या घरात नेट एकदाही गेलं नाही.

आणि तरी ताईचं बिऱ्हाड पुण्याला गेलं. कंपनीनं सगळ्यांनाच ऑफिसात बोलावून घेतलं. मी भेटायला गेलो तेव्हा तिन्ही राऊटर चालू होते आणि घरात वापरणारं कोणी नव्हतं. मामाजींनी स्वतः चहा केला. कपबशी माझ्या हातात देत म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. आपलं नेट कुठं कमी पडलं का?"

"नाही मामाजी. कुठंच नाही. ज्यांचं नेट चांगलं होतं त्यांनाही बोलावलं, ज्यांचं नव्हतं त्यांनाही."

"म्हंजे आपल्याले खराब नेटवाल्याच्या पंगतीतच बसवलं," ते म्हणाले. मला हसू यायला हवं होतं, पण आतून फार वाईट वाटलं.

एवढ्यात नातीचा व्हिडिओ कॉल आला. मोबाईल दोन्ही हातांत धरून मामाजी तिच्याकडे पाहू लागले. ती शाळेचं, बसचं, नव्या मैत्रिणीचं सांगत होती. यांची पापणी हलेना. शेवटी पलीकडून आवाज आला, "आबा, नेट अडकलं का? तुम्ही हलतच नाही!"

"नेट बराबर चालू हाय माय," मामाजी म्हणाले. "मी तुले पाहून राह्यलो."