तळमळकर साहेबांचे डोळे

आमचे साहेब रडायचे. चारचौघांत, भर मीटिंगमध्ये, नाक ओढत, आणि तेही गिझरसाठी. डोंबिवली पूर्वेला आमचं ऑफिस होतं. गिझर बिघडला की लोक आम्हाला फोन करायचे आणि आम्ही शिव्या ऐकत तक्रार लिहून घ्यायचो. यात गहिवरून येण्यासारखं काय आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण साहेबांना यायचं.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. "पॅशन म्हणजे तळमळ! ती नसेल तर लीडर कसला?" हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की आमच्या मंदाने त्यांचं बारसंच करून टाकलं, तळमळकर. दर सोमवारी ते ठाण्याहून गाडीने यायचे. मीटिंग नऊची, साहेब उगवायचे अकराला. "शीळफाट्याला अडकलो, पण मनाने मी नऊलाच इथे होतो," असं छातीवर हात ठेवून सांगायचे. आम्हाला पाच मिनिटं उशीर झाला की मात्र आमचं मन कुठे होतं ते कोणी विचारत नसे. सरळ लाल शेरा.

मग आम्हाला गोल उभं करायचे. प्रत्येकाने डोळे मिटून सांगायचं, मला हे काम का आवडतं. मी म्हणायचे, "लोकांना गरम पाणी मिळतं म्हणून." साहेब "वा!" म्हणून टाळ्या पिटायचे. इकडे एसी बंद पडून आम्ही घामाने निथळतोय. तो दुरुस्त करा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आग आतून हवी, बाहेरचं विसरा." डोंबलाची आग!

एक मात्र कबूल करायला हवं, माणसाला बोलता यायचं. ते बोलायला लागले की फोनवर शिव्या खाणंसुद्धा घटकाभर मोठं काम वाटायचं. आणि त्यांचं रडणंही खोटं नव्हतं. खोटं असतं तर आम्ही केव्हाच ओळखलं असतं, आणि मंदा वाचली असती.

मंदा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. नवऱ्याची नोकरी गेलेली, मुलगी बारावीला, सगळं घर हिच्या पगारावर. तिला कल्याणच्या एका हॉस्पिटलात काउंटरवर काम मिळत होतं, पगारही बरा. राजीनामा द्यायला गेली तर साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "मंदाताई, पगार कुठेही मिळेल, ही माणसं कुठे मिळतील? हे ऑफिस माझं पोर आहे. मी आहे तोवर इथला एक माणूस उघड्यावर पडणार नाही." आणि लागले रडायला. रुमाल भिजला, मंदाही रडली. जिन्यात मी तिला म्हटलं, "अगं, मुकाट्याने जा तू."

"कसं जाऊ गं? एवढा मोठा माणूस माझ्यासाठी रडला," ती म्हणाली, आणि हॉस्पिटलला नकार कळवून मोकळी झाली.

वर्षही झालं नसेल. एका सोमवारी साहेब चक्क नऊला हजर. गोल नाही, टाळ्या नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं, हे ऑफिस महिनाअखेर बंद, फोन आता ठाण्याच्या ऑफिसातच घेतले जातील, तिथे माणसं पुरेशी आहेत. साहेबांना तिथे वरची खुर्ची मिळाली होती, ते मागाहून कळलं. हॉस्पिटलातली जागा तर केव्हाच भरलेली. "थोडं प्रॅक्टिकल व्हायला हवं," एवढं बोलून त्यांनी घड्याळ पाहिलं.

मंदा उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही साहेबांची सालटी काढते. पण तिने नुसतं त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "सर, आज तुम्ही रडला नाहीत?"

साहेब म्हणाले, "मंदाताई, प्लीज. इमोशनल होऊ नका."