दहा ड्रमची गाडी

रिछाईतल्या ऑइलच्या गोदामात कुंदा भोयर माल चढवण्याच्या चिठ्ठ्या लिहायची. भरलेला ड्रम दोनशे किलोचा आणि टेम्पोला परवानगी दीड टनाची, म्हणजे सात ड्रम. पण मागे जागा दहांना होती, म्हणून त्या सकाळी मालकाने दहा चढवले. टेम्पो तिचाच नवरा मोरेश्वर चालवायचा.

कुंदाने चिठ्ठीवर सही करायला नकार दिला.

"दीदी, जगह तो है ना?" मालक म्हणाला.

मोरेश्वर हमालांसमोर हसला. "काहून भिऊन राहिली? गाडी तू चालवतेस का?"

सगळेच हसले, तेव्हा तिने ओशाळून सही केली.

मंडला रोडच्या उतारावर ब्रेक लागला नाही. टेम्पो झाडावर आदळला आणि मागचे ड्रम केबिनमध्ये घुसले. मोरेश्वरला बाहेर काढायला आधी ड्रम उतरवावे लागले. तोवर तो ओरडत होता, मग थांबला.

तेराव्याला मालक चेरीतालच्या घरी आला. चिठ्ठी सासूच्या हातात देऊन म्हणाला, "साइन बहू की है, माताजी."

सासूने कुंदाला एवढंच विचारलं, "तुला वजन माहीत होतं?"

"हो."

आज घर कुंदाच्याच पगारावर चालतं, त्याच गोदामातल्या. सासू मात्र तिच्या हातचं पाणी पीत नाही.