माझा न दुखणारा गुडघा

फौजेतली शेवटची तीन वर्षं मी उत्तरेकडच्या एका बर्फातल्या पोस्टवर हवालदार होतो. दर बुधवारी आम्ही पाच जण पुढच्या पोस्टवर रेशन पोचवायचो. पाचही जण एका दोरीला बांधलेले. बर्फाखाली भेगा असत, म्हणून पहिला माणूस काठीने बर्फ टोचत वाट काढायचा. पुढे चालायच्या पाळ्या ठरलेल्या होत्या.

त्या बुधवारी पाळी माझी होती. चार दिवसांनी माझी सुट्टी लागणार होती. आदल्या दिवशी १७०० वाजता मी म्हणालो, "गुडघा सुजलाय." गुडघ्याला काही झालं नव्हतं. मी घाबरलो होतो.

शिपाई बिरा म्हणाला, "मी जातो की म्होरं, सायेब. मेंढरांमागं वाढलोय." तो जतकडचा, वय तेवीस. काम टाळायचं हे त्याला माहीतच नव्हतं.

०६३० ला निघालो. ०८१० ला बिरा दिसेनासा झाला. दोरीला हिसका बसला. आम्ही आडवे पडून ती धरली. मी रेडिओ सेट उचलला.

"मॅन डाऊन. एक. ओव्हर."

"हालत? ओव्हर."

वर काढला तेव्हा त्याची मान मोडलेली होती. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की हवालदार आजारी असल्याने शिपायाने स्वेच्छेने जागा घेतली. मी सही केली.

रिटायर होऊन मी मेढ्याकडच्या माझ्या गावी आलो. गावामागे उंबरटोक नावाचं शिखर आहे. गर्दी सगळी प्रतापगडाला जाते, इकडे फारसं कुणी फिरकत नाही. महिन्यातून दोनदा मी शहरातल्या ट्रेकवाल्यांना वर नेतो. ते दमतात, मी त्यांची चेष्टा करतो.

गेल्या हिवाळ्यात बिराचे वडील, भैरूआबा, एसटीने आले. सत्तरी ओलांडलेले, खांद्यावर घोंगडं. म्हणाले, "पोरगं सांगायचं, सायबांच्या डोंगरावरनं लय लांबचं दिसतं. दावा मला."

०७०० ला चढायला लागलो. पाच मिनिटांत आबांनी माझ्या पाठीवरची सॅक काढून घेतली.

"गुडघा कसा हाय? आदल्या सांजेला पोराचा फोन आल्ता. सायबांचा गुडघा सुजलाय म्हणला."

चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, "थंडीत दुखतो, आबा." आणि लंगडायला लागलो. ज्या वाटेने मी एरवी न थांबता जातो, त्याच वाटेने माझं पाणी न् भाकरी म्हाताऱ्याच्या पाठीवर देऊन अडीच तास लंगडत चढलो. लाजेने मान वर होत नव्हती, तरी पाय सरळ टाकवेना.

वर हवा स्वच्छ होती. पश्चिमेला कोयनेचं पाणी, खाली वेण्णेचं खोरं, लांब अजिंक्यतारा. आबा पूर्वेकडेच बघत राहिले.

"आमचं गाव?"

"न्हाई दिसत, आबा. लय लांब हाय."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याच्याने राहवेना.

"आबा, गुडघा दुखत न्हाई. तवाबी दुखत नव्हता. पाळी माजी हुती. मी भ्यालो."

त्यांनी वळून बघितलं नाही. "मेंढरू लंगडतं तवा एकाच पायानं लंगडतं," ते म्हणाले. "तुमी वाटंत दोनदा पाय बदलला."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी कवा बोलताय, ते बगत हुतो."

त्यांनी सॅक माझ्या पायाशी ठेवली. "आता उतरताना तुमी म्होरं व्हा."

मी पुढे झालो. ते दहा पावलं मागे. स्टँडवर मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतला आणि गाडीत चढले.

सव्वीस जानेवारीला शाळेत नारळ देऊन माझा सत्कार करतात. भाषणात मी बिराचं नाव घेतो, त्याच्या धाडसाचं सांगतो, पोरं टाळ्या वाजवतात. त्यापुढचं मी तिथे कधी बोललो नाही. ते इथे लिहितो.

शिपाई बिरा, वय तेवीस, माझ्या पाळीत गेला. मी धडधाकट होतो.