ओटाहुहूच्या शेडमधली थेम्स

पापाकुरा स्टेशनात लोकलमध्ये बसलो तेव्हाच माझा पारा चढलेला होता. मी ऑकलंडला मुलाकडे, केदारकडे, आलो होतो आणि त्याचे शनिवार मात्र ब्रायनच्या नावावर होते. ब्रायन म्हणजे तिथल्याच ओटाहुहू भागातला एक निवृत्त रेल्वे इंजिनीअर. "बाबा, त्याच्याकडून हीप्स (पुष्कळ) शिकायला मिळतं," असं केदार मला सांगत होता. माझी उभी हयात सह्याद्रीत रेल्वेचे बोगदे खणण्यात गेली होती.

खिडकीबाहेर पत्र्याच्या छपरांची बैठी घरं, अंगणात लिंबाची झाडं. सगळं सुंदर होतं, आणि त्याचाही मला राग येत होता. उतरल्यावर डेअरीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) केदारने ब्रायनच्या आवडीची आल्याची बिस्किटं घेतली. मला काय आवडतं ते त्याने विचारलं नाही.

"किया ओरा (नमस्कार)," म्हणत ब्रायनने आम्हाला परसातल्या शेडमध्ये नेलं. तिथे काचेची टाकी होती: खाली चिकणमाती, वर पाणी आणि मातीतून जाणारा हातभर बोगदा. लंडनच्या थेम्स नदीखालच्या जुन्या बोगद्याची ही प्रतिकृती. तो एका बापलेकांच्या जोडीने बांधला. पुढे त्यातून रेल्वे धावली. खोदताना लोखंडी चौकटीच्या कप्प्यांत मजूर उभे राहत. समोरची एक फळी काढायची, थोडी माती खरवडायची, फळी पुन्हा लावायची. सगळ्या फळ्या झाल्या की चौकट पुढे रेटायची आणि मागे विटा रचायच्या. ब्रायन हे फारच छान सांगत होता. केदार भान हरपून ऐकत होता आणि माझा नुसता जळफळाट होत होता. याचा बोगदा बुडावा, असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात ब्रायन प्रतिकृतीतली फळी सरकवून दाखवताना बोगद्याच्या छताला भोक पडलं आणि पाणी आत घुसलं. ब्रायन आतून चिंध्या कोंबू लागला.

"आतून नको. वरून बुजवा," मी मराठीतच ओरडलो. केदारने इंग्रजीत सांगेपर्यंत मी बाह्या वर सारून टाकीत हात घातला होता. फडक्यात मातीचा गोळा बांधला आणि नदीच्या तळावर, भोकावर दाबून धरला. पाणी थांबलं.

"थेम्समध्येही मातीच्या पिशव्याच टाकल्या होत्या," ब्रायन हसत म्हणाला. "पुढच्या शनिवारी येणार ना?"

"स्वीट ॲज (एकदम झकास)," मी तिथल्याच भाषेत म्हणालो.

मग दर शनिवारी आम्ही दोघं म्हातारे बोगद्यांवर तासन् तास बोलायचो. केदार चहा करायचा.

परतीच्या आदल्या शनिवारी मी बूट घालत होतो, तर केदार दारातच उभा.

"बाबा, आज नको ना जाऊया. तुम्ही तिथे फक्त त्याच्याशीच बोलता."

मी बूट काढून ठेवले.

लोक परदेशातून चॉकलेटं आणतात. मी लेकाच्या मनात माझ्यासाठी जागलेला मत्सर घेऊन आलो, आणि तो कुणाला वाटून टाकायची माझी तयारी नाही.