ताकापर्यंत

धाकू वस्ताद गेल्याची बातमी मला कल्याणच्या कचेरीत कळली. त्यांचा मुलगा पोशा सकाळच्या आगगाडीने ठाण्याहून आला होता. दारातच थांबून म्हणाला, "बाबा गेले." अशा वेळी काय बोलावं हे ठरलेलं असतं, पण माझ्या तोंडून निघालं, "काल काय जेवले होते?" शेजारच्या कारकुनाने माझ्याकडे चमकून पाहिलं. पोशाला मात्र प्रश्न कळला. "पेज... दोन घोट. तिसरा नको म्हनाले." त्या प्रश्नाची हकिगत सांगावी म्हणून आज महिन्याभराने लिहायला बसलो आहे.

मी एकोणीस वर्षांचा होतो. हिवतापाने वर्षभर झोडपलं होतं, आणि उरलो होतो तो निव्वळ काडीपैलवान. वडील मी लहान असतानाच वारले. व्यायामात फिरवायच्या त्यांच्या शिसवी मुद्गलांची जोडी देवघराशेजारी उभी असे. दसऱ्याला आई तिला हळदकुंकू वाही. तेव्हा ठाण्यात रीतच होती, की चांगल्या घरचा मुलगा पहिल्या दिवशी तालमीत जायचा तो घरची जोडी घेऊन. हलकी जोडी फिरवली तर घराणं उतरलं म्हणत. वडिलांसारखी ती जोडी मला फिरवता यावी, याखेरीज त्या वयात मला दुसरं काही नको होतं. निघताना आई एवढंच म्हणाली, "जपून रे. त्यांचं मागे राहिलेलं ते एवढंच, आणि तू."

वस्ताद कोपरीचे, मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहून वाढलेले. त्यांच्या वडिलांचीच तालीम पुढे ते चालवत. तालमीत सगळ्यांना अरेतुरे. बाहेर रस्त्यात भेटले की मला "वामनराव, तुमी" म्हणत. त्यांनी माझी जोडी हाताने तोलून पाहिली. "झ्याक हाय. कोनाची?"

"आमची."

"तुझी नाय. बापाची." असं म्हणून ती कोपऱ्यात उभी केली आणि बाभळीची एक जोडी माझ्या हाती दिली. "फिरव, आनि फिरवता फिरवता सांग, काल काय जेवलास?" मी सुरू केलं, भात, आमटी... आणि आमटीलाच धाप लागली. त्यांनी ती जोडी काढून घेतली आणि खुंटीवरची हलक्या पांगाऱ्याची दिली. मुलींनी भातुकलीत मुसळ म्हणून घ्यावी एवढीशी. तिच्यावर मी भात, आमटी, वांग्याची भाजी करत थेट ताकापर्यंत पोचलो. "ही तुझी," वस्ताद म्हणाले. मातीच्या हौद्यातली पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही त्यांची मिठागरातली विद्या. पाटी डोक्यावर घेऊन ओल्या बांधावरून जाताना माणसं एकमेकांशी बोलत जात. जो गप्प झाला तो पाच पावलांत घसरणार, हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्याची पाटी लगेच हलकी करत. वस्तादांच्या वडिलांनी तोच कायदा तालमीत आणला. नवा आलेला कितीही धिप्पाड असो, जेवण सांगता सांगता जी जोडी फिरेल तीच त्याची. बोलणं तुटलं की एक पायरी खाली. ठाण्यात असे थोडे वस्ताद असतील, ज्यांच्या हाताखाली एकाही गड्याचा खांदा गेला नाही.

एकाचा गेला, तो माझा, आणि तो त्यांच्या हाताखाली नव्हे. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ते मिठागरावर असताना मी गुपचूप वडिलांची जोडी उचलली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन फेऱ्यांत खांद्यातून कळ गेली. दुसऱ्या दिवशी मी सदरा काढतानाच त्यांनी ओळखलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आंबेहळद उगाळून लावली आणि पांगाऱ्याची जोडी माझ्यापुढे ठेवली. "तुझा बाप माझ्या बापाकडं पयल्यांदा आला, तवा त्याला हीच दिलेली. मी इथंच बसलेलो. तो तर भाजीलाच थांबला. ताकापरेंत नाय पोचला."

मी ती जोडी हातात घेतली. मुठीच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. त्यानंतर मला तिची लाज कधी वाटली नाही.

तीन वर्षांनी नागपंचमीला सगळ्या गावासमोर वस्तादांनी कोपऱ्यातली शिसवी जोडी स्वतः आणून माझ्या हातात दिली. "काल काय जेवलास?" मी फिरवत फिरवत सगळं जेवण सांगितलं, वर भाजीत मीठ कमी होतं हेही सांगितलं. "मीठ कमी? तुझ्या आईला सांग, कोपरीवरून पाटी धाडतो," असं म्हणून ते खदखदून हसले, आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "आता ही वामनाची." घरी येऊन सांगितलं तर आईने माझ्या तळहातावर साखर ठेवली. पुढे मला कचेरीत नोकरी लागली, बढती मिळाली, पण त्या दिवसाइतकी माझी छाती पुन्हा कधी फुगली नाही. आणि खरं सांगायचं तर अभिमान माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त वाटतो.

मी त्यांना खांदा दिला, यावर आमच्या आळीत काहींनी नाकं मुरडली. खांदा त्यांनीच दुरुस्त केलेला होता, मग तो आणखी कुणाला द्यायचा होता?

परवा रविवारी तालमीत गेलो. पोशाने हौद्याची माती खणून ठेवली होती. मी शिसवी जोडी उचलली. विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून आपणच सुरू केलं... भात, आमटी... आणि पुढे आवाजच फुटेना. वीस वर्षं फिरवलेली जोडी, हात नीट फिरत होते, पण बोलणं तुटलं होतं. कायदा म्हणजे कायदा. मी ती कोपऱ्यात उभी केली आणि खुंटीवरून पांगाऱ्याची काढली. पोशा पाहत होता. मग हळूच म्हणाला, "काल काय जेवलात?"

तिच्यावर ताकापर्यंत पोचलो.