कलमबाईंचा होकार

कॉलेजात त्यांना सगळे कलमबाई म्हणत. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायच्या आणि बोलता बोलता कलमाचा आकडा तोंडावर फेकायच्या. आपण आधी हल्ला करणं कायद्यात कधी बसतं, हा त्यांचा हातखंडा विषय. शत्रूचा वार अंगावर येतोय, दुसरा उपाय नाही, विचाराला उसंत नाही, तरच. नुसत्या संशयावरून बॉम्ब टाकता येत नाहीत. पेपरात इथे गुळमुळीत लिहिणाऱ्याला त्यांनी कधी दयामाया दाखवली नाही.

सीमेवर तणाव वाढला तेव्हा एका वाहिनीने त्यांना चर्चेला बोलावलं. बहिणीचा मुलगा हवाई दलात वैमानिक. बहिणीने हाय खाल्लेली. बाई स्टुडिओत निघाल्या तर म्हणाली, माझ्या पोराचं काही व्हायची वाट बघायची का गं? तिकडे, आपण आधी हल्ला करणं कायद्यात बसतं का, याचं निवेदकाला एका शब्दात उत्तर हवं होतं. कलमबाईंच्या डोळ्यांपुढे भाचा आला; आणि खरं सांगायचं तर, इतकी माणसं आपलं ऐकतायत याचीही गुदगुली झाली होतीच. त्या म्हणाल्या, "बसतं. बेलाशक बसतं."

त्याच आठवड्यात आपली विमानं सीमेपलीकडे बॉम्ब टाकायला गेली.

भाचा सुखरूप परतला आणि सुट्टी मिळताच मावशीकडे आला. चहाचा कप हातात धरून बसून राहिला. तो कार्यक्रम त्यांच्या मेसमध्ये सगळ्यांनी पाहिला होता. दोस्तांनी चिडवलंही, आता काय, तुझ्या मावशीनेच पास केलंय. हुकूम तर तसाही आलाच असता, हे त्याने मावशीला सावरून घ्यायला आपणहून सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, विमानाच्या कॅमेऱ्यात त्यांचा तळ स्वच्छ दिसत होता. तोफांवर ताडपत्र्या होत्या. दोरीवर चादरी वाळत होत्या. हल्ल्याला निघालेली माणसं चादरी धुवायला काढतील का गं?"

वरच्यांकडे वेगळी माहिती असेल, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. असल्या वाक्यावर त्यांनी जन्मभर लाल रेघ मारली होती. त्यांनी ते गिळलं.

"तुझ्या पेपरात कुणी हे बसतं असं लिहिलं असतं, तर किती मार्क दिले असतेस?" भाच्याने विचारलं.

"शून्य."

त्याने मान हलवली. चहा तसाच ठेवून उठला. एरवी त्याला दारापर्यंत सोडून पाठीवर थाप मारायची त्यांची सवय. आज त्या खुर्चीला खिळून राहिल्या. तुला दोष देत नाहीये हं, असं म्हणत त्याने दार हलकेच ओढून घेतलं. ते त्याने रागाने आपटलं असतं तर बाईंना निदान मान वर करता आली असती.