दोन कंपन्यांचे नकाशे आणि कोपऱ्यावरची पाटी

नऊ फेब्रुवारीला सकाळी गारखेड्यातल्या आमच्या दारात पेंटरनं एका पाटीचे सहाशे रुपये सांगितले. मी, बायको आणि शेजारचे काका हजर होतो.

आठ दिवसांपूर्वी आईला दम लागला, तेव्हा ॲम्ब्युलन्स मागच्या गल्लीत शिरून भिंतीपुढं अडकली. ती वाट बंद होऊन तीन वर्षं झाली. फोनवरच्या एका कंपनीच्या नकाशात मी स्वतः खटपट करून ही दुरुस्ती करून घेतली होती, पण ड्रायव्हरच्या फोनवर दुसऱ्या कंपनीचा नकाशा होता. अठरा मिनिटं गेली. आई वाचली, त्यात या कंपन्यांचं काही श्रेय नाही. मी फुकट दिलेली माहिती एकीनं दाबून ठेवली, कारण ती दुसरीला मिळाली तर हिचा तोटा. याला स्पर्धा म्हणतात, आणि त्यात गिऱ्हाइकाचं भलं असतं असंही वर ऐकवतात. मला ते भलं अजून दिसलेलं नाही.

काका म्हणाले, "आता दुसरीलाबी कळवा की. दोघींची चाकरी बिनपगारी."

"नाय कळवणार," मी म्हणालो. "पाटी कुठल्याबी फोनवाल्याला दिसंल."

कोपऱ्यावर बाण आणि घर नंबर रंगवून झाल्यावर घासाघीस करून पेंटरला साडेपाचशे रुपये रोख दिले.